सोडा, काका

वॉकीटॉकीवर जनार्दनचा आवाज आला, "काका, बोट अडकलीय."

मी कंट्रोल रूममध्ये होतो. समोर चार स्क्रीन. नदीवरचे चार कॅमेरे, आणि चारही स्क्रीन पांढरे. धुकं. दुपारचे साडेतीन वाजले होते. काचेबाहेर डोंगर उन्हात तापून तांबडे दिसत होते आणि त्यांच्या पायथ्याशी नदीवर तेवढं धुकं होतं. नदीच्याच आकाराचं, नदीसारखंच वळणं घेत गेलेलं.

"कुठे अडकली?" मी विचारलं.

"तिसऱ्या वळणावर. नांगर दगडात बसलाय."

"पाणी सोडू का?"

त्यावर तो जे बोलला, त्याबद्दल मी हे लिहितो आहे. नऊ वर्षं झाली. मी आता सत्तरीच्या जवळ आहे. कंपनीच्या फाईलमध्ये या प्रसंगाचा जो कागद लागला, तो माझ्या हातचा आहे आणि तो खोटा आहे. त्यातला जवळपास प्रत्येक शब्द मात्र बरोबर आहे.

आधी ही नदी कसली ते सांगतो. कारण एमिरेट्समध्ये नदी म्हटलं की लोक हसतात.

पूर्वेकडच्या डोंगरात एका अरबाबाची, म्हणजे मालकाची, मोठी खासगी जागा होती. त्याला परदेशात ट्राउट मासे धरायचा नाद लागला होता. ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो मरायला लागतो. तर अरबाबाने वाळवंटात थंड नदी बांधून घेतली. पावणेदोन किलोमीटर लांब. तळाशी काँक्रीट, वर आणलेले गोटे. वरच्या टोकाला छोटं धरण, त्यात चिलरने बारा अंशांवर ठेवलेलं पाणी. खालच्या टोकाला तळं, आणि तिथून पंपाने तेच पाणी परत वर. म्हणजे एकच पाणी पुन्हा पुन्हा वाहायचं. हवा दमट असली की गार पाण्यावर धुकं धरायचं.

हे सगळं चालवायचं कंत्राट मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या आमच्या कंपनीकडे होतं. मी गेट ऑपरेटर, म्हणजे धरणाचं दार उघडून-मिटून पाणी सोडणारा. त्याआधी मी नगरकडे कालव्यावर वीस वर्षं काढली होती. तिथेही गेटच. लोक चौकीवर येऊन एकच बोलायचे, "साहेब, पाणी सोडा." माझ्या कानाला 'सोडा' या शब्दाचा एकच अर्थ बसला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण हे ठाऊक असल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नदीत इंजिनची बोट चालत नसे. मासे बिथरतात. ड्रिफ्ट बोट होती. दोन्ही टोकं वर उचललेली, सपाट बुडाची. पाहुणा पुढे उभा राहून गळ टाकतो. मागे वल्हेकरी बसतो, तोंड प्रवाहाच्या दिशेने. तो बोट पुढे नेत नाही. ती पाणीच नेतं. तो वल्ह्यांनी तिला मागे धरून ठेवतो, म्हणजे पाहुण्याला सवड मिळते.

हे काम जनार्दनचं. रायगडकडच्या खाडीवरचा माणूस, पंचेचाळिशीचा. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "काका, आयुष्यभर होडी पुढं नेली. इथं तिला थांबवायचा पगार मिळतो!"

पाणी वाढलं की तो त्याला भरती म्हणायचा आणि कमी झालं की ओहोटी. "आमच्याकडे भरतीला चंद्र लागतो," तो म्हणायचा. "इथं चंद्र तुम्ही. बटण दाबलं की आली."

मला ते आवडायचं.

वॉकीटॉकीवर इंग्रजीतच बोलायचं, असा नियम होता. ओपन, क्लोज, स्टँडबाय. तीनच शब्द, कारण ऐकणारा मल्याळी असेल, फिलिपिनो असेल. पण आम्ही दोघं मराठी बोलायचो. सुरुवात मी केली. दिवसभर स्क्रीनसमोर एकटं बसून मला आपल्या भाषेची भूक लागायची. जना एकदा म्हणालाही, "काका, साहेब ओरडेल." मी म्हटलं, "अरे, त्याला कळतंय कुठे?"

त्या नदीबद्दल आणखी एक सांगायला हवं. ती मला कधीच आवडली नाही. पाणी कमी असलं की धरणाच्या भिंतीवरून खालच्या डोहातले मासे दिसायचे. सगळे एका दिशेला तोंड करून उभे. गेटकडे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करूनच राहतो, त्यात नवल नाही, हे मला माहीत होतं. पण गेट पूर्ण बंद असताना, पाणी अजिबात हलत नसतानाही ते तसेच उभे असायचे. शेदोनशे मासे, गेटकडे बघत. मी खाली बघायचं टाळायचो.

तर त्या दुपारी.

अरबाबाचे पाहुणे चार वाजता येणार होते. पाहुण्यांना पाणी वाढलेलं लागायचं, कारण वाढत्या पाण्यात मासा खायला वर येतो. गेट उघडण्याआधी दोन मिनिटं सायरन वाजवायचा, हा नियम. पण आदल्या आठवड्यात एका पाहुण्याने सायरनची तक्रार केली होती. आमचे मॅनेजर मिस्टर कॉलिन यांनी सायरन बंद करायला सांगितला होता. तोंडी.

तीन वाजल्यापासून कॉलिन मला फोन करत होते. "इज द रिव्हर रेडी?"

"बोटमन इज चेकिंग, सर."

"ही इज ऑलवेज चेकिंग. यल्ला, गिव्ह मी वॉटर." यल्ला म्हणजे चला, लवकर.

जना रिकामी बोट घेऊन एक फेरी मारायला गेला होता. वाटेत कुठे गोटे सरकलेत का ते बघायला. पाहुणे येण्याआधी तो नेहमीच जायचा. कमी पाण्यात, एकटा. तिसऱ्या वळणावर त्याने नांगर टाकला आणि तो अडकला.

अशा वेळी दोन उपाय असतात. पाणी वाढवायचं, म्हणजे बोट उचलली जाते आणि कधीकधी नांगर सुटतो. किंवा कमी पाण्यात खाली उतरायचं आणि हाताने सोडवायचा. दोन्ही आम्ही करत आलो होतो. मात्र दोन्ही एकदम कधीच करायचं नाही.

"पाणी सोडू का?" मी विचारलं.

"सोडा, काका. मी बघतो."

मी बटण दाबलं.

मराठी वाचणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. 'सोडा, मी बघतो.' म्हणजे राहू द्या, तुम्ही काही करू नका, मी माझं करतो. रोज दहा वेळा आपण असं बोलतो. जनाच्या तोंडी तर ते कायमच असायचं. पण मी पाणी सोडू का असं विचारलं होतं, आणि उत्तराचा पहिला शब्द सोडा होता. बोट बटणावरच होतं. कालव्यावरची वीस वर्षं त्या बोटात होती. उरलेले शब्द कानापर्यंत आले तेव्हा हिरवा दिवा लागला होता.

धरणापासून तिसऱ्या वळणापर्यंत पाणी पोहोचायला चार मिनिटं लागत.

त्या चार मिनिटांतलं पहिलं मिनिट मी मजेत होतो. कॉलिनना फोन केला, "वॉटर इज कमिंग, सर." ते म्हणाले, "गुड मॅन."

मग वॉकीटॉकी बोलायला लागली.

बोलायला म्हणजे, तिच्यातून पाणी ऐकू यायला लागलं. मंद, गोट्यांवरून जाणारं. मी म्हटलं, "जना?" उत्तर नाही. पुन्हा बटण दाबून विचारलं. नाही. मग लक्षात आलं. जनाने आपला सेट बोटीत ठेवला होता आणि त्याचं बोलायचं बटण कशाखाली तरी दाबलं गेलं होतं. नंतर कळलं, वल्ह्याच्या दांड्याखाली. असं झालं की तो सेट सतत बोलत राहतो आणि काही ऐकत नाही. सगळा चॅनल अडतो. मी कितीही ओरडलो तरी माझा आवाज कुठेच जाणार नव्हता.

मला मात्र त्याचं सगळं ऐकू येत होतं.

एक खळबळ झाली. मग जना, स्वतःशीच: "आई गं, काय गार." मग: "पाणी कमी आहे तोवर उतरलेलं बरं."

तो पाण्यात उभा होता.

मी क्लोजचं बटण दाबलं. गेट खाली यायला लागलं. पण सुटलेलं पाणी वाटेत होतं, आणि त्याला परत बोलावणारं बटण नसतं. मी सायरनचं बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. वायर मीच काढली होती, आठवड्यापूर्वी, कॉलिनच्या सांगण्यावरून. खिडकी उघडून ओरडलो. खाली धुकं होतं. माझा आवाज त्यात गेला आणि परत आला नाही. डोंगर असून प्रतिध्वनीसुद्धा नाही.

जना नांगराशी बोलत होता. समजूत काढल्यासारखं. "ये बाई. सूट. असं काय करतेस? सूट." मध्येच काहीतरी गुणगुणत होता.

मग तो गप्प झाला. मला वाटतं, त्याला कळलं. खाडीवरच्या माणसाला पाणी पायाला लागायच्या आधी कळतं. तो अगदी हळू आवाजात, जणू कुणी समोर येऊन उभं राहिलं असावं तसा म्हणाला, "भरती?"

त्यानंतर फक्त पाणी.

मी मोबाईलवरून शाजीला फोन लावला. शाजी खालच्या तळ्यावरचा पंप ऑपरेटर, केरळचा. "शाजी, जना पानी में है. तीसरा मोड़. भाग!" तो म्हणाला, "काका, कुछ दिखता नहीं है, पूरा सफेद है." मग थांबला. "रुको. बोट आ रहा है."

मला हायसं वाटलं. एका श्वासापुरतं.

"काका," शाजी म्हणाला, "आदमी नहीं है."

आणि तेच शब्द लगेच दुसऱ्यांदा आले. वॉकीटॉकीतून. बोटीतला सेट अजून चालू होता. बोट त्याच्यापाशी येऊन थांबली होती. एका कानात फोनमधला शाजी, दुसऱ्या कानात बोटीतून ऐकू येणारा शाजी. आदमी नहीं है. आदमी नहीं है. नंतर शाजीने सांगितलं, बोट अगदी सरळ आली. कुणी वल्हवत आणल्यासारखी. वल्ही आत घेतलेली, जनाचा जेवणाचा डबा सीटवर, कोरडा.

शाजीला जना वळणाच्या खाली, दोन दगडांच्या बेचक्यात सापडला. बोट उचलली गेली आणि नांगर सुटला तेव्हा त्याचा उजवा हात नांगराच्या दोराच्या वेढ्यात होता. तीन बोटं गेली. डोकं आपटलं. बारा अंशांच्या पाण्यात तो वीस मिनिटं होता. जिवंत निघाला.

चौथ्या दिवशी चौकशी झाली. कंट्रोल रूममधला चॅनल रेकॉर्ड होत असे. कॉलिननी रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "व्हॉट इज ही सेइंग?"

त्या ऑफिसात मराठी येणारा मी एकटाच. ते मलाच लिहून द्यायला सांगितलं गेलं. त्याच्या बोलण्याचं इंग्रजी, सहीनिशी.

मी पहिली ओळ लिहिली: "रिलीज, अंकल. आय ॲम वॉचिंग."

कुठल्याही डिक्शनरीत बघा. सोडा म्हणजे रिलीज. बघतो म्हणजे वॉचिंग. काका म्हणजे अंकल. एक शब्द चुकलेला नाही.

कॉलिननी वाचलं. "सो ही आस्क्ड फॉर इट."

मी म्हटलं, "येस सर. ही सेड सोडा."

"देन द सायरन इज नॉट अ क्वेश्चन," ते म्हणाले. आमची नजरानजर झाली. तेवढ्या एका क्षणात आम्ही दोघांनी एकमेकांचं ओझं उतरवलं आणि तिसऱ्याच्या अंगावर ठेवलं.

रेकॉर्डिंग पुढे चालू होतं. पाणी कमी आहे तोवर उतरलेलं बरं. हे वाक्य स्वच्छ ऐकू येत होतं. ज्याने पाणी मागितलं, तो असं बोलणार नाही. हे एक वाक्य लिहिलं असतं तर पहिल्या ओळीचा अर्थ पोराटोरांनाही कळला असता.

मी त्या ओळीपुढे लिहिलं: "नॉट क्लिअर."

बटण दाबलं ती चूक होती. हे दोन शब्द चूक नव्हते.

जना हॉस्पिटलमध्ये होता. मी गेलो. उजवा हात पांढऱ्या गठ्ठ्यासारखा. त्या तासातलं त्याला फारसं काही आठवत नव्हतं. बोट अडकल्याचं आठवत होतं, पुढे कोरं.

"काका," त्याने विचारलं, "मी काय बोललो होतो?"

"सोडा म्हणालास."

"नक्की?"

"नक्की."

त्याने नजर छताकडे वळवली. "कमी पाण्यात नांगर अडकला, तर मी भरती मागेन? मी?" मग म्हणाला, "पण तुम्ही ऐकलंत म्हणजे म्हणालोच असेन. तुम्ही कशाला खोटं सांगाल?"

महिन्याभरात त्याला घरी पाठवलं. कागदावर कारण लिहिलं होतं: चुकीची सूचना देऊन स्वतःचा जीव धोक्यात घातला. तो कागद त्याला वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं.

मी त्यानंतर दीड वर्ष ती गेटं चालवली. दर वेळी बटण दाबलं की मी वॉकीटॉकी कानाशी धरायचो. चार मिनिटं. तिच्यातून कधीच काही आलं नाही. एकदा शाजीने विचारलं, "काका, क्या सुनते हो?" मी म्हटलं, "सिग्नल चेक कर रहा हूँ." पुढे अरबाबाचा नाद संपला, चिलर बंद झाले. नदी कोरडी करायच्या दिवशी शेवटचं पाणी मीच खाली घेतलं. राहिलेले मासे तळाच्या गोट्यांवर पडले होते. बहुतेकांचं तोंड गेटकडे होतं.

आता मी मुलाकडे, इथेच एमिरेट्समध्ये, खलिफा सिटीत राहतो. गेल्या महिन्यात नात बाल्कनीतून दोरीला खेळण्यातली बादली बांधून खाली-वर करत होती. ईरा आठ वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत येतं. दोरी कठड्यात अडकली. ती ओढाताण करत होती.

मी खुर्चीतून उठता उठता म्हटलं, "सोड गं, मी बघतो."

तिने दोरी सोडली. बादली दोन मजले खाली पार्किंगमध्ये पडली. रिकाम्या जागेत. आवाज मात्र मोठा झाला.

"अगं, सोड म्हणजे राहू दे म्हटलं मी!"

"बट यू सेड सोड!" ती रडकुंडीला आली होती. "सो आय लेट गो!"

मी परत खुर्चीत बसलो. वाक्य जनाचं होतं, जवळजवळ शब्द न् शब्द. सून पाण्याचा ग्लास घेऊन आली. मी ग्लासातलं पाणी बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला मेल लिहिली. खरं भाषांतर: "लीव्ह इट, अंकल. आय विल मॅनेज." त्याखाली वगळलेली ओळ. त्याखाली सायरनची वायर कुणी आणि का काढली ते. त्याखाली माझं नाव. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या काळातल्या फाईल्स आता ठेवलेल्या नाहीत, तुमच्या मेलची नोंद घेतली आहे.

मग जनाला फोन केला. नंबर शाजीकडून मिळाला. इतकी वर्षं तो त्याच्या संपर्कात होता. मी नव्हतो.

मी काही न लपवता सगळं सांगितलं. बटण, वॉकीटॉकी, नॉट क्लिअर. हॉस्पिटलमध्ये जे बोललो ते. त्याच्या मागे पाण्याचा आवाज येत होता. खाडीच्या काठावर असावा. फोनमधून फक्त पाणी यायला लागलं तसा मी तो कानाशी घट्ट धरला.

शेवटी तो म्हणाला, "मी होडीत बसत नाही, काका. वल्हं धरता येतं अजून, दोन बोटांनी. पण बसत नाही. म्हटलं, ज्याला पाण्यात उतरताना काय बोलावं ते कळत नाही, त्याने दुसऱ्याला घेऊन कशाला जावं? पोरगा नेतो होडी. मी काठावर."

"जना, चूक तुझी नव्हती. मी लिहून देतो. मराठीत देतो. पोराला वाचून दाखव."

पुन्हा पाणी. मग तो म्हणाला, "सोडा, काका."

नऊ वर्षांनी तोच शब्द, त्याच आवाजात. या वेळी मी घाई केली नाही. विचारलं, "जना, सोडा म्हणजे काय समजू मी?"

तो हसला की खोकला, सांगता येणार नाही.

"हे तेव्हा विचारायचं होतं."

त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पाणी ऐकू येत होतं. मग कुणीतरी लांबून हाक मारली, "बाबा, भरती लागली, येताय का?" आणि जनाचे पाय चिखलातून चालल्याचा आवाज आला. काठाकडे की घराकडे, ते कळायच्या आत फोन बंद झाला.

मराठीतला कागद मी त्याला पाठवला आहे. हा लेख त्याचीच दुसरी प्रत समजा.

माझ्या धंद्यात नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगेन. शब्दाला दोन अर्थ असतील तर पुन्हा विचारा. तिसऱ्या वळणापर्यंत पाणी पोहोचायला चार मिनिटं लागत. विचारायला तीन सेकंद लागले असते.